दवाखान्यातला नंबर ही मेहेरबानी नव्हे

मागे एका रविवारी उत्तर नागपुरातल्या एका विहारात वंदना झाल्यावर आरोग्याची बैठक घेतली. चाळीसेक बाया होत्या. आम्ही साधाच प्रश्न विचारला, "डॉक्टरची अपॉइंटमेंट कशी घेता?" सगळ्या हसायला लागल्या. कोपऱ्यातली एक आजी म्हणाली, "पोरी, अपॉइंटमेंट साहेब लोकायले भेटते. आपल्याले नंबर भेटते. अन् तोही भेटला त भेटला."

हसण्यावारी गेलेले हे वाक्य आम्ही घरी घेऊन आलो. नर्सिंगचा डिप्लोमा करून पंधरा वर्षे आम्ही सरकारी आणि खासगी, दोन्ही दवाखान्यांत ड्युटी केली. खिडकीच्या आतूनही रांग पाहिली आणि नोकरी सोडल्यावर वस्तीतल्या माणसांचा हात धरून त्याच रांगेत बाहेरूनही उभे राहिलो. म्हणून खात्रीने सांगतो, आजी बरोबर बोलली. आपल्या वस्त्यांत माणूस आजारी पडला की पहिली लढाई रोगाशी नसते, ती डॉक्टरपर्यंत पोहोचण्याची असते. त्या लढाईत जे थकतात ते उपचाराआधीच हरतात.

एका तपासणीचे तीन दिवस

पैसेवाल्याचे कसे असते? फोन केला, साडेअकराची वेळ मिळाली, फी भरली, अर्धा तास उशीर झाला तर तक्रारही केली. आपल्या माणसाचे बघा. पहाटे उठून डबा करायचा, पहिला ऑटो धरायचा, केसपेपरच्या खिडकीवर रांग लावायची. केसपेपर मिळाला की ओपीडीसमोर दुसरी रांग. तिथे कळते, "तुमचं युनिट मंगळवारचं आहे, आज बुधवार." युनिट बरोबर निघाले तर डॉक्टर दोन-तीन मिनिटे बघतात आणि रक्त लिहून देतात. रक्ताची रांग तिसरी. "उपाशीपोटी पाहिजे, उद्या या." रिपोर्ट परवा. रिपोर्ट घेऊन पुन्हा डॉक्टर आणि मग औषधांची चौथी खिडकी. तोवर एक वाजलेला असतो आणि खिडकी बंद करायची घाई सुरू असते.

आता हिशेब मांडू. ठिय्यावर उभी राहणारी बाई दिवसाला ५०० रुपये कमावते असे समजा. तीन दिवस गेले म्हणजे १५०० रुपये बुडाले. जाण्यायेण्याचे रोज १०० धरले तर ३०० झाले. औषध फुकट, तपासणी फुकट, तरी तिच्या घरातून १८०० रुपये गेले. चार घरी भांडे-कपडे करणाऱ्या बाईचे तर पैशावर भागत नाही. तिसऱ्या खाड्याला मालकीण म्हणते, "आम्ही दुसरी पाहिली."

आणि गल्लीच्या तोंडाशी बसलेला तो "डॉक्टर"? त्याच्याकडे कोणती पदवी आहे हे कोणी विचारत नाही. तो रात्री नऊला असतो, १५० रुपयांत सुई टोचतो, गोळ्यांची पुडी देतो, "कसं आहे ताई" म्हणून विचारतो आणि उधारीही ठेवतो. आपली शिकलेली मंडळी म्हणतात, "आपले लोक अडाणी आहेत, झोलाछापकडे जातात." आम्हाला हे बोलणे पटत नाही. आपल्या बाया अडाणी नाहीत. त्या हिशेब करतात, आणि १८०० रुपयांपुढे १५० रुपयांचा त्यांचा हिशेब चुकीचा नसतो. चूक त्या व्यवस्थेची आहे, जिने शिकलेला डॉक्टर सकाळी कामाच्या वेळी ठेवला आणि संध्याकाळ न शिकलेल्याच्या हवाली केली.

पण या हिशेबाची किंमत पुढे मोजावी लागते. महिनाभराचा खोकला औषधाच्या बाटलीवर दाबला जातो आणि टीबी घरभर होतो. वास्तविक दोन आठवड्यांवर खोकला गेला की बेडक्याची तपासणी सरकारी दवाखान्यात मोफत होते. बीपी कोणी मोजतच नाही आणि पंचेचाळीस वर्षांचा माणूस एक दिवस अर्धांगाने पडतो. स्तनातली गाठ "दुखत नाही ना, मग राहू दे" म्हणून वर्षभर पदराआड राहते. ही दुखणी उशिरा येतात ती घाबरून नव्हे, खाडे परवडत नाहीत म्हणून.

"रांगेत या"

एक गोष्ट आम्हाला सांगितलीच पाहिजे, कारण ती आमच्या हातून घडली.

तेव्हा आम्ही एका मोठ्या सरकारी दवाखान्यात ओपीडीला होतो. एक बाई तेरा-चौदा वर्षांच्या मुलाला घेऊन आली. मुलगा चालत होता, पण कण्हत होता. ती रांग मोडून पुढे आली आणि म्हणाली, "मॅडम, याले सिकल हाय, लय दुखून राहिलं." समोर सत्तर-ऐंशी माणसे उभी होती. मागून लोक ओरडत होते. आम्ही वरही न बघता म्हणालो, "सगळ्यांनाच दुखतंय. रांगेत या."

ती गेली रांगेत. दीड तासाने बाकावरून मुलगा खाली घसरला. अंगात सणकून ताप, श्वास वर चढलेला. धावपळ करून भरती केले. छातीत इन्फेक्शन होते. तो वाचला, अकरा दिवसांनी घरी गेला. त्या अकरा दिवसांत त्याच्या आईची दोन घरची कामे गेली. जाताना ती आम्हाला काही बोलली नाही, हात जोडून गेली. ती भांडली असती तर बरे झाले असते.

सिकलचा पेशंट दिसायला पुष्कळदा धडधाकट दिसतो. बाहेर जखम नसते, रक्त वाहत नाही. आत मात्र लाल पेशी विळ्याच्या आकाराच्या होऊन बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात आणि हाडांत, छातीत, पोटात कळा उठतात. आम्ही हे पुस्तकात शिकलो होतो, परीक्षेत लिहिलेही होते. तरी रांगेच्या रेट्यात विसरलो. रांग माणसाला असे बनवते, बाहेरच्यालाही आणि आतल्यालाही. नोकरी सोडण्यामागे इतरही कारणे होती, पण ते दोन शब्द आमच्या मनातून गेले नाहीत.

विदर्भात सिकलसेल हे आपल्या बौद्ध घरांचे आणि आदिवासी घरांचे मोठे दुखणे आहे. २०२३ च्या जुलैत केंद्र सरकारने सिकलसेल निर्मूलनाचे राष्ट्रीय अभियान सुरू केले, २०४७ पर्यंतचे उद्दिष्ट ठेवले. तपासणी होते, कार्ड मिळते, हे चांगलेच आहे. पण ज्या मुलाच्या हातात "एसएस" लिहिलेले कार्ड आहे, त्याला कळ उठल्यावर डॉक्टर किती मिनिटांत बघतो, यावर आमच्या मते त्या अभियानाचे खरे माप ठरले पाहिजे.

कायदा काय म्हणतो

२०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात सिकलसेल आजाराचा समावेश आहे. त्याच कायद्याच्या कलम २५ मध्ये दिव्यांग व्यक्तींना तपासणीत आणि उपचारात प्राधान्य मिळेल अशी व्यवस्था करणे ही सरकारची आणि स्थानिक संस्थांची जबाबदारी सांगितली आहे. म्हणजे त्या आईने रांग मोडली नव्हती. तिला पुढे घेणे हेच कायद्याला धरून होते. मोडले ते आम्ही. आज आपल्या किती घरांत हे माहीत आहे? एसएस पॅटर्न असलेल्यांनी दिव्यांग प्रमाणपत्रासाठी आणि यूडीआयडी कार्डासाठी अर्ज करावा. प्रमाणपत्र हाती आले की ते सिकलच्या कार्डासोबत प्लास्टिकच्या पिशवीत घालून ठेवावे आणि खिडकीवर दोन्ही दाखवावीत.

दुसरी गोष्ट. जीवावर बेतले असेल तर ओपीडीची रांग लावायचीच नसते. सरळ अपघात विभागात, म्हणजे कॅज्युअल्टीत जायचे. ती चोवीस तास उघडी असते. १९९२ साली पश्चिम बंगालमध्ये एक शेतमजूर रेल्वेतून पडला, डोक्याला मार लागला. एकामागून एक सरकारी दवाखान्यांनी कुठे खाट नाही, कुठे सोय नाही म्हणून त्याला परत पाठवले. शेवटी खासगीत पैसे मोजून उपचार घ्यावे लागले. त्याच्या शेतमजूर संघटनेने प्रकरण सर्वोच्च न्यायालयात नेले. १९९६ साली न्यायालयाने निकाल दिला की सरकारी दवाखान्याने वेळेवर तातडीचे उपचार न देणे हा संविधानाच्या कलम २१ मधल्या जगण्याच्या हक्काचा भंग आहे, आणि पैसा नाही ही सबब सरकारला सांगता येणार नाही. भरपाईही द्यायला लावली. एका मजुराच्या मागे त्याची संघटना उभी राहिली म्हणून हा हक्क आज देशातल्या प्रत्येकाला सांगता येतो.

बाबासाहेबांनी दिवस मोजला होता

आपण बाबासाहेबांना संविधानाचे शिल्पकार म्हणून रोज वंदन करतो. पण १९४२ ते १९४६ या काळात ते व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याचे सभासद होते, याची आठवण दवाखान्याच्या रांगेत विशेष होते. त्याच काळात कामगारांच्या आरोग्य विम्याची योजना आखण्याचे काम प्रा. अदारकर यांच्याकडे सोपवले गेले. त्यांचा अहवाल १९४४ साली आला आणि त्या पायावर १९४८ चा कर्मचारी राज्य विमा कायदा उभा राहिला. ईएसआय म्हणतो ती योजना याच कायद्याने सुरू झाली.

या योजनेतली एक गोष्ट नीट बघा. त्यात नुसते औषध नाही, आजारपणाच्या दिवसांचा भत्ताही आहे. आज नियमात बसणाऱ्या कामगाराला आजारी रजेत मजुरीच्या ७० टक्के रक्कम मिळते, वर्षात ९१ दिवसांपर्यंत. म्हणजे ज्यांनी ही योजना आखली त्यांना कळले होते की गरिबाचा आजार औषधाने अर्धाच बरा होतो. उरलेला अर्धा बुडालेल्या मजुरीत असतो.

पण ठिय्यावरचा मजूर, भांडे-कपडे करणारी बाई, कचरा वेचणारी, हमाल, यांतले बहुतेक या योजनेच्या बाहेरच आहेत. ज्यांना खाडा सगळ्यात महाग पडतो त्यांनाच खाड्याचा भत्ता नाही. असंघटित कामगारांना आजारपणाचा भत्ता मिळालाच पाहिजे. तो मिळेपर्यंत निदान दवाखान्याची वेळ तरी त्यांच्या कामाच्या वेळेशी जुळवा, एवढे मागणे जास्त आहे काय?

डॉक्टरांचे काय चुकते, काय नाही

आता कोणी म्हणेल, सगळा दोष डॉक्टरांचा. तसे नाही. एका सकाळी एका टेबलावर शंभराच्या वर पेशंट आम्ही स्वतः मोजले आहेत. तो डॉक्टर शिकाऊ असतो, रात्रीची ड्युटी करून आलेला असतो. सिस्टर एक आणि कामे पाच. जागा रिकाम्या, भरती लांबलेली. तिथे आवाज चढतो, हात उगारला जातो. आम्ही हात जोडून सांगतो, डॉक्टर-नर्सवर हात टाकू नका. महाराष्ट्रात २०१० पासून त्याविरुद्ध कायदा आहे, पोरगा तुरुंगात जाईल आणि रांग आहे तिथेच राहील. रांग कमी करायचा अधिकार त्या टेबलावरच्या माणसाकडे नाही. तो महापालिकेत आणि मंत्रालयात आहे. भांडण तिथे न्यायचे आहे.

दुसरे कोणी म्हणेल, आता सगळे मोबाइलवर झाले आहे. खरे आहे. काही मोठ्या दवाखान्यांत आभा कार्डाचा कोड स्कॅन केला की फोनवर टोकन येते, खिडकीची रांग वाचते. ज्यांना जमते त्यांनी जरूर वापरावे. पण घरात एकच स्मार्टफोन, तो पोराकडे, आणि आजीकडे बटणाचा फोन, अशी आपली घरे आहेत. फोनवाल्याची वेगळी रांग झाली आणि बिनफोनवाल्याची खिडकी कमी झाली तर तो नवा भेदभाव ठरेल. आभा कार्ड ऐच्छिक आहे. ते नाही म्हणून कोणी केसपेपर नाकारत असेल तर तिथेच थांबून वरिष्ठांना विचारा.

तिसरे म्हणणे असे, की फुकट मिळते तिथे रांग असणारच. १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत केसपेपरसह उपचार मोफत आहेत. (वैद्यकीय महाविद्यालयांचे आणि महापालिकेचे दवाखाने या विभागात येत नाहीत, तिथले दर खिडकीवर विचारून घ्या.) पण फुकट हा शब्दच चुकीचा आहे. माचिसच्या काडेपेटीवरही कर भरणारी आपण माणसे आहोत. संविधानाच्या कलम ४७ ने लोकांचे आरोग्य सुधारणे हे राज्याचे प्राथमिक कर्तव्य सांगितले आहे. कर्तव्य करणाऱ्याने उपकाराची भाषा बोलू नये आणि हक्काने जाणाऱ्याने हात जोडून उभे राहू नये.

मागायचे काय

२०१३ मध्ये सुरू झालेल्या शहरी आरोग्य अभियानात साधारण ५० हजार लोकसंख्येमागे एक नागरी आरोग्य केंद्र धरले आहे आणि तिथे कामकरी माणसांसाठी संध्याकाळी ओपीडी असावी असे म्हटले आहे. आपला दवाखाना योजनेतही दुपारी २ ते रात्री १० अशी वेळ ठरवलेली आहे. म्हणजे आपण नवीन काही मागत नाही. कागदावर आहे ते दारात मागतो. आमच्या मते मागण्या चार आहेत.

एक, वस्तीजवळच्या केंद्रात संध्याकाळी डॉक्टर प्रत्यक्ष हजर हवा आणि कोणत्या दिवशी कोण बसणार हे दारावर मराठीत लिहिलेले हवे.

दोन, बीपी, शुगर, टीबी, सिकल अशा पुन्हा पुन्हा यावे लागणाऱ्यांना निघतानाच पुढची तारीख आणि नंबर केसपेपरवर लिहून मिळावा. यालाच अपॉइंटमेंट म्हणतात, ती आपल्यालाही देता येते.

तीन, रक्त आणि डॉक्टर एकाच दिवशी व्हावे. जमत नसेल तर रिपोर्ट वस्तीजवळच्या केंद्रात मिळावा.

चार, सिकल, गरोदर बाया, म्हातारी आणि दिव्यांग माणसे यांच्यासाठी वेगळी खिडकी हवी आणि तिथे माणूस बसलेला हवा.

सरकारी दवाखान्यांना रुग्ण कल्याण समिती असते. तिच्यात कोण आहे, बैठक कधी झाली, हे माहिती अधिकारात विचारा. डॉक्टरांच्या मंजूर जागा किती, भरलेल्या किती, संध्याकाळची ओपीडी किती दिवस चालली, हेही विचारा. अर्जाची फी दहा रुपये, दारिद्र्यरेषेखालच्यांना तीही नाही.

आपण काय करायचे

सरकारने करायचे ते सरकारकडून करून घेऊच. पण काही गोष्टी रविवारपासून आपल्या हातात आहेत.

विनयपिटकात तथागतांची एक कथा आहे. एक भिक्खू अतिसाराने स्वतःच्याच घाणीत पडून होता. तो संघाच्या उपयोगी पडत नाही म्हणून बाकीचे त्याच्याकडे बघत नव्हते. तथागतांनी आनंदासोबत त्याला स्वतःच्या हातांनी धुतले आणि भिक्खूंना समज दिली की आई-बाप सोबत नसलेल्यांनी एकमेकांची सुश्रूषा करायची असते. विहार वंदनेपुरता उघडायचा की या कामासाठीही, हे आपण ठरवायचे.

आम्ही काही जणी दोन विहारांत एक साधी गोष्ट करतो. एक वही ठेवली आहे. वस्तीत सिकल कोणाला, टीबीच्या गोळ्या कोणाला, नववा महिना कोणाचा, शुगर-बीपी कोणाला, हे तिच्यात लिहिलेले असते. ज्यांची संमती आहे त्यांचेच लिहितो आणि ती वही कुलुपात ठेवतो, कारण आजार हा चावडीवर बोलायचा विषय नाही. दवाखान्यात जायचे असेल त्याला एक सोबती देतो. सोबती म्हणजे दहावी-बारावी झालेली पोरगी किंवा रिटायर झालेले काका. एकाने रांगेत उभे राहायचे, एकाने पेशंटजवळ बसायचे. कोणते युनिट कोणत्या दिवशी हे सोबत्याला पाठ असते. त्यामुळे तीन दिवसांचे काम पुष्कळदा दोन दिवसांत होते. बाईचा एक खाडा वाचला तरी घरात ५०० रुपये राहतात. आशाताई याच वस्तीतल्या असतात, त्यांना सोबत घ्या. ५० ते १०० घरांमागे महिला आरोग्य समितीची तरतूद आहे, तुमच्या गल्लीत ती आहे का हे त्यांनाच विचारा.

शेवटी हे कापून भिंतीवर लावा. सिकलच्या मुलाला सणकून ताप, छातीत दुखणे, श्वास लागणे, पोटाची डावी बाजू फुगणे, एकदम पांढरेफटक पडणे किंवा हातपाय लुळा पडणे, यांतले एकही दिसले तर रांग नाही, गल्लीतली सुई नाही. १०८ ला फोन करा, ती गाडी फुकट येते. सरळ कॅज्युअल्टीत जा आणि पहिले वाक्य हे बोला, "याला सिकल आहे, एसएस आहे, तातडीचे आहे." समोरची सिस्टर "रांगेत या" म्हणाली तर हात जोडून मागे जाऊ नका. कार्ड पुढे धरा आणि तिथेच उभे राहा.

आम्ही त्या खिडकीच्या आत होतो, म्हणून सांगतो. त्या दिवशी ती आई तिथेच उभी राहिली असती, तर आम्हाला वर बघावेच लागले असते.

जय भीम.